रोजच्या फ्रेंचमध्ये शिफारस कशी मागायची: नमस्कारापासून आभारापर्यंत

फ्रेंचच्या पाठ्यपुस्तकात शिफारस मागायचं एक वाक्य ठरलेलं असतं: ‘पूरिये वू म रकोमाँदे अँ रेस्तोराँ?’ म्हणजे ‘आपण मला एखादं रेस्टॉरंट सुचवू शकाल का?’ व्याकरण चोख, आदरही चोख. अडचण एवढीच की समोरच्या माणसाला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. पोट भरायचंय की वाढदिवस साजरा करायचाय, खिशात वीस युरो आहेत की ऐंशी, मांस चालतं की नाही? मग तो कोपऱ्यावरच्या हॉटेलकडे बोट दाखवतो आणि संवाद तिथेच आटोपतो.

फ्रान्समध्ये शिफारस मागणं म्हणजे छोट्या गप्पाच असतात. तुम्ही जेवढं सांगाल, तेवढं नेमकं उत्तर मिळतं. म्हणून या लेखात ‘कसं विचारायचं’ याहून जास्त जागा ‘विचारण्याआधी काय सांगायचं’ आणि ‘उत्तराचा अर्थ काय घ्यायचा’ याला दिली आहे. वाक्यं ऐंशी टक्के तीच ती असतात, ती दोन दिवसांत पाठ होतात.

आधी उच्चाराचं थोडंसं

फ्रेंच वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत, तेव्हा चार खुणा लक्षात ठेवा. चंद्रबिंदू दिसला की आवाज नाकातून काढायचा आणि शेवटी ‘न’ किंवा ‘म’ येऊ द्यायचा नाही. नुक्ता असलेला ‘ज़’ म्हणजे ‘झेब्रा’तला पहिला आवाज, आणि ‘झ’ म्हणजे ‘टेलिव्हिजन’ म्हणताना मध्ये येतो तो घासलेला आवाज. ‘त्यू’, ‘द्यू’, ‘प्ल्यू’ मधल्या ‘यू’साठी तोंडात ‘ई’ म्हणा आणि ओठ मात्र ‘ऊ’सारखे गोल ठेवा. ‘र’ जिभेच्या टोकावर नाही, घशात. तो नाही जमला तर आपला मराठी ‘र’ खुशाल वापरा, सगळ्यांना समजतो. ‘यू’ मात्र घोटून घ्या, कारण ‘त्यू’ म्हणजे तू आणि ‘तू’ म्हणजे सगळं.

पहिली पायरी: बोँझूर, आणि मग थोडं थांबा

दुकानात शिरलात, काउंटरपाशी गेलात, रस्त्यात कुणाला थांबवलंत, तरी पहिला शब्द ‘बोँझूर’. संध्याकाळी साधारण सहानंतर ‘बोँस्वार’. त्याला जोडून बाईंना ‘मादाम’ आणि पुरुषाला ‘मस्यो’. आपल्याकडे दुकानदाराला ‘दादा, ते दाखवा जरा’ म्हटलं की त्यातच नमस्कार आला. तिथे तसं चालत नाही. ‘बोँझूर’ न म्हणता थेट प्रश्न टाकलात, तर दुकानदार तुमचा प्रश्न बाजूला ठेवून आधी स्वतःच ठासून ‘बोँझूर’ म्हणतो आणि तुमच्या ‘बोँझूर’ची वाट बघतो. हा टोमणा असतो, आणि तो मिळाल्यावर पुढचा सल्ला कोरडाच येतो.

‘बोँझूर’ म्हटल्यावर क्षणभर थांबायचं. समोरून ‘बोँझूर’ आलं की मगच पुढे जायचं. रस्त्यातल्या अनोळखी माणसाला यानंतर ‘एक्स्क्यूज़े म्वा द वू देराँझे’ म्हणजे ‘तुम्हाला त्रास देतोय, माफ करा’ म्हणा. मग ‘वू ज़ेत द्यू कार्तिये?’, म्हणजे ‘तुम्ही याच भागातले का?’ हा प्रश्न फार कामाचा आहे. समोरचाही तुमच्यासारखा पाहुणाच असेल, तर दोघांचाही वेळ वाचतो. आणि तो तिथलाच असेल तर त्याला बरं वाटतं.

‘मादम्वाज़ेल’, म्हणजे ‘कुमारी’, हा शब्द मनातून काढून टाका. २०१२ साली सरकारी अर्जांवरूनही तो हटवला गेला. वीस वर्षांची विक्रेती असली तरी ‘मादाम’. वेटरला ‘गार्सोँ’, म्हणजे ‘पोरा’, म्हणून हाक मारू नका. त्याच्याकडे नजर टाकून ‘सिल वू प्ले’, म्हणजे ‘कृपया’, म्हटलं की पुरे.

दुसरी पायरी: त्यू की वू

मराठी माणसाला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा फरक कुणी समजावून सांगायला नको, त्यामुळे इथे आपण इंग्रजीभाषकांच्या पुढे आहोत. तरी दोन ठिकाणी आपला अंदाज चुकतो. एक म्हणजे वय. आपण आपल्याहून लहान दिसणाऱ्या पोऱ्याला सहज ‘तू’ म्हणतो. फ्रेंचमध्ये अनोळखी प्रौढ माणूस कितीही तरुण असो, तो ‘वू’च. अनोळखी लोकांत ‘त्यू’ फक्त लहान मुलांना. दुसरं म्हणजे ऑफिस. आपण सीनियरला ‘सर’ म्हणत राहतो, तिथे बऱ्याच कार्यालयांत सहकारी एकमेकांना पहिल्या दिवसापासून ‘त्यू’ म्हणतात. विद्यार्थी आपसात ‘त्यू’च बोलतात. खात्री नसेल तर ‘वू’ने सुरुवात करा. समोरचा ‘ओँ प स त्यूत्वाये’ म्हणाला, म्हणजे ‘आपण अरेतुरेवर येऊया’ असं सुचवलं, की बदला.

कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातल्या माँट्रियालला गेलात तर ‘त्यू’ लवकर येतो. तिथे आणखी एक खाचखळगा आहे: ‘दिने’ शब्द फ्रान्समध्ये रात्रीच्या जेवणाला वापरतात, क्वेबेकमध्ये मात्र दुपारच्या. रात्रीच्या जेवणाला तिथे ‘सूपे’ म्हणतात. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागातही असंच आहे. जेवायची जागा विचारताना ‘स स्वार’, म्हणजे ‘आज संध्याकाळी’, एवढं जोडलं की घोळ होत नाही.

तिसरी पायरी: आधी माहिती, मग प्रश्न

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त गाळली जाणारी. प्रश्नाच्या आधी एक-दोन छोटी वाक्यं: काय हवंय, कशासाठी, किती जणांसाठी, किती पैशांत.

सुरुवात ‘झ शेर्श’ने करा, ‘मी शोधतोय’. पुढे वस्तू आणि कारण.

‘झ शेर्श अँ वँ पूर स स्वार.’ आज संध्याकाळसाठी वाइन हवीय.
‘से पूर ओफ्रीर.’ भेट द्यायचीय. (हे सांगितलंत की बहुतेक दुकानांत पैसे न घेता छान बांधूनही देतात.)
‘नू सोम कात्र.’ आम्ही चौघं आहोत.
‘दाँ ले कँज़ अरो.’ पंधरा युरोच्या आसपास.

पैशांचा आकडा सांगायला लाजू नका. ‘स्वस्तातलं दाखवा’ म्हणायला जड जातं, पण ‘दाँ ले कँज़ अरो’ म्हणणं तिथे अगदी सहज असतं. वाइनच्या दुकानदाराला, म्हणजे काविस्तला, आकडा आणि जेवणातला पदार्थ एवढं कळलं की तो दोन मिनिटांत बाटली काढून देतो. आकडा नसेल तर तोही संकोचतो आणि मधलीच काहीतरी काढतो.

गुण सांगायचा असेल तर साचा आहे ‘केल्क शोज़ द’ आणि पुढे विशेषण. ‘केल्क शोज़ द लेझे’ काहीतरी हलकं, ‘केल्क शोज़ द सँप्ल’ काहीतरी साधं, ‘केल्क शोज़ द पा त्रो स्यूक्रे’ फार गोड नसलेलं. हे ‘पा त्रो’, म्हणजे ‘फार नको’, सोन्यासारखं जपा. पा त्रो शेर, पा त्रो फोर, पा त्रो लोँ: फार महाग नको, फार उग्र नको, फार लांबलचक नको. शब्दसंग्रह तोकडा असला तरी ‘पा त्रो’ लावून अर्धं जग सांगता येतं.

आणि एक वाक्य जे म्हटल्यावर दुकानदाराचा चेहरा खुलतो: ‘झ न मी कोने पा त्रो.’ मला यातलं फारसं कळत नाही. चीज, वाइन, पुस्तकं, सायकलचे सुटे भाग, कुठेही चालतं. जाणकाराला समजावून सांगायची संधी मिळते, आणि त्या समाजात ती आवडीने घेतली जाते.

चौथी पायरी: खुद्द प्रश्न

‘तुम्ही काय सुचवाल?’ या प्रश्नाचे तीन पोशाख आहेत. औपचारिक: ‘क म कोँसेये वू?’ हा पत्रात किंवा फार उंची हॉटेलात. मधला: ‘केस्क वू म कोँसेये?’ हा सगळीकडे, डोळे मिटून. मोकळा: ‘वू म कोँसेये क्वा?’ बोलीत हाच जास्त ऐकू येतो आणि ‘वू’ असल्यामुळे उद्धटही वाटत नाही. मित्राला ‘त्यू म कोँसेय क्वा?’

तिन्हींत ‘कोँसेये’ हे क्रियापद आहे, ‘सल्ला देणं’. ‘रकोमाँदे’ चूक नाही, पण काउंटरवर ‘कोँसेये’च जास्त वापरतात. एखादी कृती करावी का, हे विचारायचं असेल तर मध्ये ‘द’ घाला: ‘वू म कोँसेये द रेज़ेर्वे?’ म्हणजे ‘आधी टेबल राखून ठेवू का?’ हे शनिवारी संध्याकाळी विचारायलाच हवं.

प्रकार विचारायचा तर ‘कोम’ वापरा. ‘केस्क वू ज़ावे कोम देसेर?’ गोडात काय काय आहे? ‘त्यू म कोँसेय क्वा कोम सेरी?’ सिरीज म्हणून काय बघू?

दुसरा साचा नकाराचा. ‘त्यू कोनेत्रे पा अँ बोँ दाँतिस्त, पार आज़ार?’ शब्दशः ‘तुला एखादा चांगला दातांचा डॉक्टर माहीत नसेल ना, सहज?’ आपणही असंच विचारतो: ‘तुझ्या ओळखीत कुणी प्लंबर नाही का रे?’ नकारामुळे समोरच्याला ‘नाही’ म्हणायला वाट राहते, म्हणून तो नम्र. दुकानात त्याचंच रूप: ‘वू नोरिये पा केल्क शोज़ द म्वँ शेर?’ याहून स्वस्त काही नसेल का?

तिसरा साचा मला सगळ्यात उपयोगी वाटतो, तो निवड समोरच्यावर सोपवण्याचा. ‘वू, वू प्राँद्रिये क्वा?’ तुम्ही स्वतः काय घ्याल? वेटरला ‘मासा चांगला आहे का?’ विचारलं तर तो ‘हो’च म्हणणार, ‘नाही’ म्हणायला त्याला पगार नाही. पण दोन पदार्थांची नावं घेऊन ‘आँत्र ले द, वू प्राँद्रिये क्वा?’, म्हणजे ‘दोघांपैकी तुम्ही कोणतं घ्याल?’ विचारलंत की तो आधी क्षणभर विचार करतो. तो विचारच तुम्हाला हवा असतो.

पाचवी पायरी: उलट प्रश्नांना तयार राहा

शिकणारी मंडळी इथे गडबडतात. आपलं वाक्य घोटून तयार असतं, ते म्हणून झालं की सुटल्यासारखं वाटतं आणि तेवढ्यात समोरून दोन प्रश्न येतात. ते कोणते येणार हे आधीच माहीत असलेलं बरं. चीजच्या दुकानातला हा संवाद जवळून बघा. दुकानदाराला फ्रोमाझे म्हणतात.

— बोँझूर मस्यो.
— बोँझूर मादाम, झ वू ज़ेकूत. (बोला.)
— झ शेर्श अँ फ्रोमाझ पूर कात्र पेर्सोन. झ न मी कोने पा त्रो. वू म कोँसेये क्वा? (चौघांसाठी चीज हवंय. मला यातलं फारसं कळत नाही. काय सुचवाल?)
— से पूर स स्वार ऊ पूर दमँ? (आजसाठी की उद्यासाठी?)
— पूर स स्वार.
— वू ज़ेमे ले फ्रोमाझ फोर? (उग्र आवडतं?)
— नोँ, प्ल्यूतो दू. (नको, सौम्यच बरं.)
— अलोर, झे अँ कोँते द दूज़ म्वा, ए अँ द दिज़्वी म्वा. (मग बारा महिन्यांचं कोँते आहे, आणि एक अठरा महिन्यांचं.)
— झ प गूते? (चाखू का?)
— ब्यँ स्यूर. (हो, नक्की.)

‘आज की उद्या’ हा प्रश्न उगाच नसतो. कामाँबेरसारखं मऊ चीज रोज पिकत जातं, आंब्याच्या अढीतल्यासारखं. आज खायचं असेल तर तो ‘ब्यँ फे’, म्हणजे पिकलेलं, देईल; दोन दिवसांनी खायचं असेल तर कमी पिकलेलं. तुम्हाला उग्र वास सोसत नसेल तर आधीच ‘पा त्रो फे’ सांगून टाका. कोँते हे डोंगराळ झ्यूरा भागातलं कडक चीज. ते किमान चार महिने मुरवावं लागतं, आणि दुकानात बारा, अठरा, चोवीस महिन्यांचं मिळतं. महिने वाढतात तशी चव गडद आणि किंमत जास्त. पहिल्यांदा घेत असाल तर बारा महिन्यांचं घ्या.

मग तो सुरी तुकड्यावर ठेवून विचारतो, ‘कोम सा?’ एवढं? ‘अँ प प्ल्यूस’ थोडं जास्त, ‘अँ प म्वँ’ थोडं कमी. ग्रॅममध्ये बोलायची गरज नाही, ‘चौघांसाठी’ हे तुम्ही आधीच सांगितलंय. शेवटी ‘ए आवेक ससी?’, आणखी काही? नसेल तर ‘स स्रा तू, मेर्सी’, एवढंच, धन्यवाद. नुसतं ‘मेर्सी’ म्हणताना जपा. कुणी काही पुढे केलं आणि तुम्ही मान हलवून फक्त ‘मेर्सी’ म्हटलंत, तर ते ‘नको’ असंही समजलं जातं. हवं असेल तर ‘वी, मेर्सी’ (हो, धन्यवाद) किंवा ‘आवेक प्लेज़ीर’ (आनंदाने) म्हणा.

वेळही बघा. शनिवारी सकाळी बाजारात तुमच्या मागे आठ जणांची रांग असताना ‘मला यातलं कळत नाही’ म्हणू नका. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी जा. सोमवारी बरीच लहान दुकानं बंद असतात, आणि पॅरिसबाहेर तर दुपारच्या जेवणाच्या वेळीही शटर खाली असतं.

सहावी पायरी: उत्तरातली ग्यानबाची मेख

फ्रेंच माणूस कौतुक करताना हात राखून करतो आणि नाराजी गोड शब्दांत गुंडाळतो. शब्दकोश इथे दगा देतो.

‘पा माल’ म्हणजे शब्दशः ‘वाईट नाही’, पण ते ‘चांगलं आहे’ असं धरा. ‘पा माल द्यू तू’ ही तर भरघोस स्तुती. ‘से पा मोवे’ हेही कौतुकच. आता गंमत बघा: ‘से पा तेरीब्ल’ म्हणजे ‘भयंकर नाही’ असं वाटतं, प्रत्यक्षात अर्थ ‘काही खास नाही, राहू दे’. या एका शब्दापायी कितीतरी नवखे लोक भिकार जेवण जेवून येतात.

‘बोफ’ हा आवाज खांद्याच्या हालचालीसकट येतो. अर्थ: नाही गेलात तरी चालेल. ‘साँ प्ल्यूस’: ठीक, त्याच्या पलीकडे काही नाही. ‘कोरेक्त’: पोट भरेल, आठवण राहणार नाही. ‘से स्पेस्याल’ ऐकलं की सावध व्हा. ते आपल्या ‘स्पेशल थाळी’तलं स्पेशल नाही, ‘जरा विचित्रच आहे’ असं सुचवणं आहे. तसंच ‘इल फो तेमे’: ज्याला आवडतं त्याला आवडतं. हे आतड्यांच्या सॉसेजबद्दल म्हणजे आँदुयेतबद्दल हमखास म्हणतात. आणि ‘से अँ प शेर पूर स क से’: मिळतं त्या मानाने महाग.

मनापासून शिफारस असेल तर ‘फ्राँश्माँ, सा वो ल कू’ येतं, ‘खरंच, पैसे-वेळ वसूल’. किंवा ‘सा वो ल देतूर’, वाकडी वाट करून जावं असं. रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशलँ मार्गदर्शिकेमुळे ही भाषा घराघरांत पोहोचली आहे. मिशलँ या टायर कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी ती काढली होती. तिच्या पद्धतीत दोन तारे म्हणजे वाट वाकडी करण्याजोगं, आणि तीन तारे म्हणजे खास त्यासाठी प्रवास करण्याजोगं. ‘वालर स्यूर’ म्हणजे कधी निराश न करणारी जागा, ‘आत्राप तूरिस्त’ म्हणजे पर्यटकांना गंडवणारी. दुसरा शब्द ऐकलात तर पुढचा प्रश्न लगेच टाका: ‘ए वू, वू ज़ाले ऊ?’ मग तुम्ही कुठे जाता?

‘सा देपाँ’, म्हणजे ‘ते अवलंबून आहे’, हे उत्तर आलं तर वैतागू नका. तुमची तिसरी पायरी कच्ची राहिली, एवढाच त्याचा अर्थ. अजून एक तपशील सांगा.

‘आ वोत्र प्लास, झ प्राँद्रे…’ म्हणजे ‘तुमच्या जागी मी असतो तर हे घेतलं असतं’. हे ऐकू आलं की ऐकून घ्या. त्या माणसाने तुमचा विचार करून उत्तर दिलंय.

हॉटेलात, आणि शाकाहारी असाल तर

‘मन्यू’ म्हणजे तिथे मेन्यूकार्ड नव्हे, ठरावीक किमतीतलं दोन-तीन पदार्थांचं जेवण. मेन्यूकार्डाला ‘कार्त’ म्हणतात. भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहिलेला ‘प्ला द्यू झूर’, आजचा पदार्थ, बहुधा ताजा आणि स्वस्त. ‘से क्वा, ल प्ला द्यू झूर?’ विचारा. स्वयंपाकघर साधारण दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सात-साडेसातपासून चालतं. तीन वाजता पोहोचलात तर सल्ला मिळेल, जेवण मिळणार नाही.

शाकाहाराबद्दल स्पष्ट बोला. ‘झ स्वी वेझेतारियँ’ (बाई असाल तर ‘वेझेतारियेन’) एवढ्यावर थांबलात तर ‘मासा चालतो ना?’ हा प्रश्न येतोच. म्हणून पुढचं जोडाच: ‘झ न माँझ नी व्याँद नी प्वासोँ’, मांसही नाही, मासाही नाही. अंडं चालत नसेल तर ‘नी अ’ हेही म्हणा. ‘कोशिंबीर आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नका, तिच्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, लार्दोँ, बऱ्याचदा असतात: ‘इल्या दे लार्दोँ ददाँ?’ भाजीचं सूप कोंबडीच्या रश्शात केलेलं असू शकतं, आणि पान्ना कोत्ता या सायीच्या गोड पदार्थात प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं. कडक शाकाहारी घरांतल्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगायला हवी: फ्रान्सच्या बहुतेक नामांकित पारंपरिक चीजमध्ये दूध साकळवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, त्याला ‘प्रेज़्यूर आनिमाल’ म्हणतात. फ्रोमाझेला ‘साँ प्रेज़्यूर आनिमाल’ असं मागितलं तर तो असेल ते काढून देतो.

तिखटाचंही सांगून ठेवतो. ‘आताँसियोँ, से एपिसे’ म्हणून वेटर बजावेल, तेव्हा कोल्हापूरचं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. तिखट हवंच असेल तर ‘पिकाँ’ हा शब्द वापरा.

औषधाच्या दुकानात

इथे शिफारस मागावीच लागते. जानेवारी २०२० पासून पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन ग्राहकाने हाताने उचलून घ्यायच्या फळीवरून काढून काउंटरच्या मागे ठेवली गेली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतात, पण फार्मासिस्टशी बोलून. हिरवा क्रॉस दिसला की आत जा आणि विचारा: ‘केस्क वू ज़ावे कोँत्र ल माल द गोर्झ?’ घसा दुखण्यावर काय आहे? खोकल्याला ‘तू’ म्हणतात. कोरडा तर ‘तू सेश’, कफ असेल तर ‘तू ग्रास’. हे दोन पाठच असू द्या, कारण औषध त्यावरून बदलतं. उलट प्रश्न ठरलेले: ‘से पूर वू?’ तुमच्यासाठीच ना? ‘वू प्रने दोत्र मेदिकामाँ?’ दुसरी काही औषधं चालू आहेत?

फार्मासिस्टला एक प्रश्न मात्र नव्याने राहायला आलेल्या प्रत्येकाने विचारावा: ‘वू कोनेसे अँ मेदसँ की प्राँ द नूवो पास्याँ?’ नवे रुग्ण घेणारा डॉक्टर माहीत आहे का? २००४ च्या कायद्यानुसार प्रत्येकाने आपला नेहमीचा डॉक्टर, मेदसँ त्रेताँ, नोंदवायचा असतो. तो नोंदवून त्याच्यामार्फत गेलात तर आरोग्य विमा तपासणीच्या ठरलेल्या दराच्या ७० टक्के परत करतो, नाहीतर ३० टक्के. अनेक डॉक्टर नवीन रुग्ण घेत नाहीत, म्हणून ‘चांगला डॉक्टर कोणता’ यापेक्षा ‘घेणारा कोणता’ हा प्रश्न आधी. जाता जाता: रानातून आणलेल्या अळंब्या खाण्याजोग्या आहेत का, हे तिथले फार्मासिस्ट ओळखायला शिकलेले असतात. लोक शरद ऋतूत टोपली घेऊन दुकानात जातात.

पुस्तकांच्या दुकानात

१९८१ च्या कायद्याने फ्रान्समध्ये नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानदाराला जास्तीत जास्त पाच टक्के सूट देता येते. त्यामुळे गल्लीतलं छोटं दुकान मोठ्या साखळीपुढे टिकून आहे, आणि तिथला लिब्रेर, म्हणजे पुस्तकविक्रेता, वाचणारा माणूस असतो. पुस्तकावर त्याच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी टोचलेली दिसली, वर ‘कू द कर’, तर ते त्याला मनापासून आवडलेलं पुस्तक. विचारायचं असं: ‘झ शेर्श अँ रोमाँ पा त्रो लोँ, पा त्रो दिफिसील. झाप्राँ ल फ्राँसे.’ फार लांब नको, अवघड नको, फ्रेंच शिकतोय. आवडलेल्या एका पुस्तकाचं नाव घेऊन ‘दाँ ल मेम झाँर’, त्याच धर्तीचं, असं म्हटलं की काम अजून सोपं. शिकणाऱ्याने चित्रकथांच्या विभागाचा रस्ता धरावा. ‘बेदे’, म्हणजे चित्रकथा, फक्त मुलांसाठी असतात असं तिथे कुणी मानत नाही.

मित्राला मेसेज

मित्रांत ‘चांगली जागा’ला ‘बोन आद्रेस’ म्हणतात, आणि स्वस्त-मस्त युक्तीला ‘बोँ प्लाँ’. ‘तोरे पा यून बोन आद्रेस पूर स स्वार?’ आज संध्याकाळसाठी एखादी चांगली जागा माहीत नसेल ना? मेसेज छोटा आणि कारणासकट: ‘साल्यू! दी, त्यू कोनेत्रे पा अँ बोँ प्लोँब्ये? ओँ ना यून फ्वीत दाँ ला साल द बँ.’ बाथरूममध्ये गळतंय, एवढं कळलं की मित्र नंबर तर देतोच, वर ‘पाण्याचा मुख्य नळ आधी बंद कर’ हेही सांगतो.

पुणे-मुंबईत आलियाँस फ्राँसेज़ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत किंवा कॉलेजात फ्रेंच शिकत असाल तर सरावाच्या वेळी दुकानदाराची बाजूही घोटा. प्रश्न विचारणारा सगळेच होतात. उलट प्रश्न विचारणारा मिळाला की खरी तयारी होते.

शेवटची पायरी: निघताना

पटलं तर: ‘पारफे, झ वे प्राँद्र सा’, हेच घेतो. फक्त सल्लाच हवा होता तर: ‘मेर्सी द्यू कोँसेय, से नोते’, लक्षात ठेवतो. नको असेल तर सबबी सांगत बसू नका. ‘झ वे रेफ्लेशीर’, विचार करतो, हे सभ्य आणि पूर्ण उत्तर आहे, त्यावर कुणी गळ घालत नाही. बाहेर पडताना काही घेतलं नसलं तरी ‘मेर्सी, बोन झूर्ने’, धन्यवाद, दिवस छान जावो.

दुसऱ्यांदा त्याच दुकानात जाल तेव्हा आधी निकाल सांगा. ‘सेते देलिस्यो’, फार छान होतं. किंवा प्रामाणिकपणे: ‘सेते अँ प फोर पूर नू’, आम्हाला जरा उग्र वाटलं. यात कुणाचा अपमान होत नाही. फ्रोमाझे मग ‘आ बोँ?’, म्हणजे ‘असं का?’, म्हणेल, मागच्या फळीवरून काहीतरी वेगळं काढेल आणि तुम्ही न विचारताच चाखायला देईल.